नदीत सोडण्याआधीचे खाणे

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा आहे. बावनथडी आणि वैनगंगेच्या खोऱ्यातले हे गाव. पावसाळा सरता सरता इथल्या पात्रात रोहूचे बोटभर लांबीचे पिल्लू सोडले, असे समजू. ते जन्मापासून तळ्यात वाढलेले आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात, एका माणसाच्या हातून त्याला ढेप आणि कोंडा मिळत आला आहे. आता त्याच्यासमोर वाहते पाणी आहे, दगडांवर शेवाळाचा पातळ थर आहे, काठाच्या गवतात बारीक किडे आहेत आणि वर पाणकावळ्यांची रांग बसलेली आहे. त्या संध्याकाळी ते काय खाईल?

माशांच्या बीजाबद्दल आपण जे बोलतो, लिहितो, छापतो, त्यात हा प्रश्न क्वचितच येतो. किती लाख बीज सोडले याचा आकडा येतो, पाहुण्यांच्या हातातल्या पिशवीचे छायाचित्र येते. पण सोडलेल्या पिल्लाचा पहिला आठवडा हाच त्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण आठवडा असतो. भूक आणि शिकारी ही दोन संकटे एकमेकांना हात देतात. पोट रिकामे असलेले पिल्लू आडोसा सोडून उघड्या पाण्यात हिंडू लागते, आणि उघड्या पाण्यात हिंडणारे पिल्लू मरळीच्या किंवा शिवड्याच्या तोंडी जाते. ते भुकेने मेले की शिकाऱ्याने मारले, हे नंतर सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

म्हणून जो मासा नदीत सोडायचा आहे, त्याच्या खाण्याचा विचार विक्रीच्या माशापेक्षा वेगळा करावा लागतो. विक्रीच्या माशाला किती कमी खर्चात किती वजन आले, एवढे पाहिले की भागते. नदीतल्या माशाचे खाणे त्याचा मेंदू, डोळे, आतडे आणि सवयी घडवते, आणि त्याच भांडवलावर तो पुढे जगतो. देशात सध्या नद्यांमध्ये बीज सोडण्याचे काम वाढते आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली २०२१ पासून नद्यांत देशी मासे सोडण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यात पिल्ले ८० ते १०० मिलिमीटरची करूनच सोडावीत, असा दंडक आहे. लांबीचा दंडक योग्यच आहे, कारण मोठे पिल्लू बऱ्याच शिकाऱ्यांच्या तोंडात मावत नाही. पण ती लांबी कशावर वाढवली, हे पट्टीने मोजता येत नाही.

थोडे मागे जाऊ. १९५७ पर्यंत आपल्याकडे रोहू, कतला, मृगळ यांचे बीज मुख्यतः नदीतूनच गोळा करत. हे मासे पावसाळ्यात पूर आला की उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे पुराच्या प्रवाहात बारीक जाळी लावून वाहून येणारे जिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्ले, पकडायचे, हाच मुख्य उपाय होता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात. या शोधाने देशाची मत्स्यशेती उभी केली, याबद्दल वाद नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली, तिच्याकडे कमी लक्ष गेले. तोवर बहुतेक पिल्लांचा पहिला घास पुराच्या पाण्याने दिलेला असे. त्यानंतर तो माणसाच्या हाती आला.

अंड्यातून बाहेर आलेल्या जिऱ्याला तीन दिवस खाण्याची गरज नसते. पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर ते जगते. बलक संपता संपता तोंड उघडते आणि मग काही तासांतच त्याला त्या तोंडात मावेल असे जिवंत काहीतरी हवे असते. हे जिवंत खाणे म्हणजे प्लवंग, पाण्यात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. त्यातले प्राणी प्लवंग, म्हणजे चक्रधर जीव आणि पाणपिसवा, या वयात सर्वांत महत्त्वाचे. चांगले मत्स्यबीज केंद्र म्हणूनच जिरे सोडण्याआधी पाणी तयार करते. आधी मोहाची ढेप हेक्टरी सुमारे २,५०० किलो टाकतात. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे नको असलेले मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत विषारीपणा ओसरला की तीच ढेप खत होते. भंडाऱ्यासारख्या मोहाच्या मुलखात याहून हाताशी असलेला उपाय दुसरा नाही. मग शेण आणि शेंगदाण्याची ढेप भिजवून, आंबवून टाकतात. पाण्यात प्लवंग वाढले की नाही, हे पाहायची रीत साधी आहे. बारीक कापडाच्या जाळीतून ५० लिटर पाणी गाळायचे. जाळीखालच्या नळीच्या तळाशी एक ते दोन मिलिलिटर गाळ बसला, तर तळे जिरे घ्यायला तयार.

याच्या जोडीला वरचे खाणे सुरू होते. शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा, सम भाग, बारीक दळून. दहा लाख जिऱ्यांमागे पहिले पाच दिवस रोज ६ किलो आणि नंतर १२ किलो, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. पंधरा-वीस दिवसांत जिरे २५ ते ३० मिलिमीटरचे होते. पुढचे दोन-तीन महिने मोठ्या तळ्यात वाढले की बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीचे पिल्लू, तयार. इथपर्यंत विक्रीचा मासा आणि नदीचा मासा यांची वाट एकच असते. वाटा फुटतात त्या बोटुकलीच्या या दोन-तीन महिन्यांत. कारण तळ्यात गर्दी झाली की प्लवंग पुरत नाही आणि पिल्लू हळूहळू ढेप-कोंड्यावर किंवा कारखान्यातल्या गोळी खाद्यावर विसंबते.

या खाद्यात नेमके काय कमी पडते? प्रथिने पुरतात, ऊर्जाही पुरते. उणीव असते ती विशिष्ट स्निग्धाम्लांची. शेंगदाणा आणि भाताचा कोंडा या दोहोंच्या तेलात ओमेगा-६ गटातली स्निग्धाम्ले भरपूर असतात, ओमेगा-३ मात्र नाममात्र. माशाच्या मेंदूतल्या आणि डोळ्याच्या पडद्यातल्या स्निग्धाम्लांचा मोठा भाग डीएचए नावाच्या ओमेगा-३ स्निग्धाम्लाचा असतो. समुद्रातले बहुतेक मासे ते स्वतः तयार करू शकत नाहीत, त्यांना ते खाण्यातूनच मिळावे लागते. रोहूसारखे गोड्या पाण्यातले मासे साध्या ओमेगा-३ पासून ते काही प्रमाणात बनवू शकतात, पण त्यासाठी कच्चा माल तर पोटात जायला हवा.

हा अभाव वागण्यात कसा उतरतो, ते जपानमध्ये फार स्पष्ट दिसले. तिथे समुद्रात सोडण्यासाठी आणि पिंजऱ्यात वाढवण्यासाठी यलोटेल नावाचा मासा वाढवतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या संशोधकांनी यलोटेलच्या काही पिल्लांना डीएचए असलेले आणि काहींना डीएचए नसलेले जिवंत खाणे दिले. दोन्हींचे पोट भरत होते. पण डीएचए न मिळालेल्या पिल्लांना थव्याने पोहता येईना. शेजाऱ्याशी अंतर राखून, एका दिशेने, एका वेगाने वळणे त्यांना जमत नव्हते. थव्याने पोहणे हे लहान माशाचे मुख्य संरक्षण आहे. शेकडो सारख्या शरीरांच्या हालचालीत शिकाऱ्याची नजर एका माशावर ठरत नाही. म्हणजे खाद्यातल्या एका घटकाच्या अभावी पिल्लू वजनाने बरोबर असूनही नदीत किंवा समुद्रात उघडे पडते. जपानच्याच चपट्या हिरामे माशात असाच दुसरा प्रकार आढळला. केंद्रात वाढलेल्या अनेक पिल्लांचा रंग बिघडलेला असे, अंगावर पांढरे डाग पडत. त्याचे धागे सुरुवातीच्या खाण्यातल्या डीएचए आणि अ जीवनसत्त्वाशी जोडलेले निघाले. वाळूवर बसून वाळूसारखे दिसणे हाच ज्याचा आडोसा, त्याच्या अंगावर पांढरा डाग म्हणजे शिकाऱ्याला दिलेली खूणच.

आपल्या तळ्यांत ही उणीव भरून काढायला परदेशी तेलाची गरज नाही. हिरवे शेवाळ आणि त्यावर जगणारे प्लवंग हेच ओमेगा-३ चा साठा आहेत, म्हणून प्लवंगांनी जिवंत असलेले हिरवट पाणी हा बोटुकलीच्या मेंदूचा खुराक आहे. दुसरे, आपल्या भागात भात निघाल्यावर ओलीवर जवस घेतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते आणि घाण्याच्या ढेपेत थोडे तेल उरतेच. जवसाच्या ढेपेत ब-६ जीवनसत्त्वाला अडवणारा घटकही आहे, त्यामुळे ती शेंगदाण्याच्या ढेपेची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. पण मिश्रणात तिचा थोडा वाटा असायला काहीच हरकत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बीज केंद्रांना हे स्वस्तात करून पाहता येईल, आणि करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

शरीर घडले तरी सवयींचा प्रश्न उरतो. गोळी खाद्य हलत नाही, लपत नाही, पळत नाही. ते वरून पडते. त्यावर वाढलेल्या माशाला ‘खाणे’ म्हणजे वरून पडणारी, गोल, स्थिर वस्तू. पाश्चात्त्य देशांत ट्राउट आणि सॅमन सोडल्यानंतर काही दिवसांनी पुन्हा पकडून पोट उघडले, तेव्हा त्यात खडे, काटक्या, पानांचे तुकडे सापडल्याच्या नोंदी आहेत. आजूबाजूला किड्यांच्या अळ्या असतानाही त्या माशांनी गोळीसारखे दिसणारे गिळले होते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत दुःखद नोंद वाटते. ती पिल्ले खात होती, प्रयत्न करत होती, पण त्यांना दिलेले ज्ञान चुकीचे होते.

यावर २००३ साली कलम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिक सॅमनच्या पिल्लांवर एक नेटका प्रयोग केला. काही पिल्ले नेहमीच्या रिकाम्या टाकीत वाढवली, काही दगड-वनस्पती असलेल्या टाकीत. दोन्हींतल्या काहींना जिवंत भक्ष्याची ओळख करून दिली, काहींना नाही. मग सगळ्यांसमोर एक नवेच, आधी न पाहिलेले जिवंत भक्ष्य ठेवले. ज्यांना दोन्ही मिळाले होते, म्हणजे आडोसे असलेली जागा आणि जिवंत खाण्याचा अनुभव, तीच पिल्ले नवे भक्ष्य पकडण्यात सरस ठरली. इथे विचार करण्यासारखे असे की त्यांना त्याच भक्ष्याचा सराव दिलेला नव्हता. एक हलणारी गोष्ट पकडता आली की दुसरीही पकडता येते, फक्त भोवतालही तसा गुंतागुंतीचा असावा लागतो.

आणखी एक सवय आपण नकळत लावतो. रोज त्याच कोपऱ्यावर माणूस येतो, त्याची सावली पाण्यावर पडते आणि सावलीबरोबर खाणे येते. काही आठवड्यांत मासे सावली दिसताच वर झेपावू लागतात. तळ्याच्या मालकाला ते पाहून समाधान वाटते, आणि विक्रीच्या माशात ते ठीकच आहे, मासे निरोगी असल्याची ती खूण असते. नदीत मात्र वरून पडणारी सावली राखी बगळ्याची असते, खंड्याची असते. जे पिल्लू नदीत जाणार आहे, त्याला खाणे पाण्याच्या आतून द्यावे, भोके पाडलेल्या पोत्यातून किंवा बुडत्या ताटातून. वेळ आणि जागा बदलत राहावी. आणि तळ्याच्या काठावर माणसाची हालचाल आणि खाणे यांचा संबंध शक्य तितका तोडावा.

प्रत्येक माशाचे नदीतले जेवण वेगळे असते, त्यामुळे तयारीही एकसारखी नसते. कतला पाण्याच्या वरच्या थरात तोंड वासून प्लवंग गाळतो. त्याला प्लवंगसमृद्ध पाण्यात शेवटपर्यंत ठेवले की बरेच काम झाले. मृगळ तळाचा गाळ, कुजलेली पाने खातो. रोहू मधल्या थरात राहतो आणि त्याच्या खालच्या ओठाला झालर असते. त्या ओठाने तो दगड, काटकी, बुडालेले खोड यांवरचा शेवाळी थर खरवडतो. हा थर म्हणजे शेवाळ, जिवाणू आणि त्यांत राहणारे बारीक जीव यांचे मिश्रण आहे. सिमेंटच्या टाकीत किंवा मातीच्या मोकळ्या तळ्यात वाढलेल्या रोहूला खरवडण्यासारखे काही मिळतच नाही. बांगलादेशात तळ्यात बांबू रोवून त्यांवर असा थर वाढवायची पद्धत अभ्यासली गेली, आणि तिथे रोहूची वाढ लक्षणीय सुधारली. नदीत सोडायच्या रोहूला तर या बांबूंचा तिहेरी उपयोग आहे. खाणे मिळते, खरवडण्याचा सराव होतो आणि लपायला जागा होते. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात बांबूची वानवा नाही.

मरळीचे पाहिले तर सगळे उलट आहे. मरळ जन्मजात शिकारी. तिची पिल्ले हलणारेच खातात, आणि पुरेसे मिळाले नाही तर एकमेकांना खातात. म्हणून मरळ वाढवणारे तिला मोठ्या कष्टाने मेलेले खाणे, मग गोळी खायची सवय लावतात. बाजारासाठी ते योग्यच. पण तीच मरळ नदीत सोडायची असेल, तर लावलेली सवय मोडावी लागते. त्यापेक्षा थोडी कमी पिल्ले वाढवून त्यांना बारीक मासे आणि झिंग्यांवर ठेवणे बरे.

जिवंत आणि नैसर्गिक खाणे म्हटले की ते आपोआप चांगलेच, असा समज मात्र होऊ नये. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एकेकाळी सॅमनच्या बीज केंद्रांत सॅमनचीच कच्ची आतडी आणि मांस पिल्लांना घालत. स्वस्त, ताजे, नैसर्गिक. त्यातून माशांचा क्षयरोग पिढ्यान्‌पिढ्या केंद्रातच फिरत राहिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे मांस तापवून निर्जंतुक करू लागले, ओलसर गोळी खाद्य आले, तेव्हा ती साखळी तुटली. आपल्याकडे धोका वेगळा आहे. जिऱ्यांच्या वयात पाणकिडे आणि चतुराच्या अळ्या त्यांचाच फडशा पाडतात. म्हणून त्या आठवड्यांत तळे किड्यांपासून मोकळे ठेवायचे आणि बोटुकली झाल्यावर तेच किडे हळूहळू येऊ द्यायचे. जो किडा जिऱ्याला खातो, त्याच किड्याच्या पिल्लांवर बोटुकली हात साफ करते. सगळा प्रश्न वेळेचा आहे.

महाराष्ट्रात सोडण्यासाठी मासे वाढवायचे जुने आणि नाव असलेले काम लोणावळ्याचे. वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीरचे केंद्र सुरू केले. राज्याच्या मत्स्यविभागातून निवृत्त झालेले डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले यांनी दख्खनच्या महसीराची अंडी हाताने काढून, फलित करून, वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवायची पद्धत बसवली. महसीराची अंडी जड आणि बलकाने भरलेली असतात, त्यामुळे रोहूच्या मानाने पिल्लाला पहिल्या घासासाठी जास्त दिवस मिळतात. महसीर वाढल्यावर सर्वभक्षी होतो. उंबराची फळे, किडे, शिंपले-गोगलगायी, शेवाळ, लहान मासे, सगळे त्याच्या खाण्यात येते. अशा माशाला एकाच चवीच्या गोळीवर ठेवणे म्हणजे त्याच्या निम्म्या क्षमता झाकून ठेवणे. या केंद्रातून अनेक दशके लाखो पिल्ले तलावांत आणि नद्यांत गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत एकेकाळी संकटग्रस्त असलेला हा मासा आता कमी चिंतेच्या वर्गात आहे. त्यात या कामाचा वाटा मानला जातो.

पण हीच गोष्ट कावेरीत वेगळी निघाली. लोणावळ्याच्या वंशाचे महसीर कावेरीत सोडले गेले. तिथे एक वेगळा, कुबड असलेला महसीर मूळचा राहणारा होता, टोर रेमादेवी. बाहेरून आलेला महसीर तिथे फोफावला आणि मूळचा मासा मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणे, वाळूउपसा, स्फोटकांनी केलेली मासेमारी ही कारणेही त्यामागे आहेत. तरीही बाहेरचे बीज हे त्यातले एक ठळक कारण मानतात. खाण्याची तयारी उत्तम झालेला परका मासा हा अर्धवट तयारीच्या परक्या माशापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण तो जगतो. म्हणून काय खाऊ घालायचे हे ठरवण्याआधी कुणाला खाऊ घालायचे, हे ठरायला हवे.

वैनगंगेच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येणार नाही. रोहू आणि मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे, द्वीपकल्पाच्या नद्यांत ते माणसाने आणले. इतक्या वर्षांनी ते इथल्या बाजाराचे झाले आहेत, मच्छिमारांचे पोट त्यांवर आहे, त्यामुळे तलावांतून त्यांना हुसकावण्याची भाषा मी करणार नाही. पण नदीत सोडायचे बीज म्हणून पहिला मान नदीच्या मूळच्या माशांचा. मरळ, शिवडा, वाम, कालबासू आणि काठाच्या पाणथळीत राहणारे लहान लहान मासे, ज्यांची बाजारात गणतीच होत नाही. त्यांचे प्रजनक मासे त्याच नदीतून घ्यावेत आणि दर काही वर्षांनी बदलावेत. बंदिस्त पिढ्यांचा परिणाम किती वेगाने होतो, हे २००७ मध्ये ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड माशांवर हितोशी अराकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. केंद्रातल्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती. खाणे कितीही सुधारले तरी हे नुकसान त्याने भरून येत नाही.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल, यासाठी मोठी प्रयोगशाळा, महागडे खाद्य, परदेशी यंत्रे लागणार. पूर्व विदर्भात तसे नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने दोन-तीन शतकांपूर्वी धानाच्या पाण्यासाठी त्यांतले कितीतरी बांधले. उतरत्या काठांचे, उथळ कडांचे, पाणवनस्पतींनी भरलेले. या तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाला कोणत्या वनस्पतीच्या मुळाशी कोणता मासा अंडी घालतो, कोणत्या पानाखाली पिल्ले लपतात, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ज्ञानाच्या आधारे ढीवर स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन अनेक तलावांत बेशरमची झाडे उपटली, तळाची जमीन नांगरली, मूळच्या पाणवनस्पती लावल्या. हेतू माशांसाठी घर परत उभे करण्याचा होता. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. असा तलाव हीच बोटुकलीला नदीसाठी तयार करण्याची जागा आहे. तिथे प्लवंग आहेत, खरवडायला खोडे आहेत, पकडायला किडे आहेत, लपायला गवत आहे, आणि शिकारी पक्षीही आहेत, थोडे, पण पुरेसे. पाणवनस्पतीच फस्त करणारा गवत्या मासा मात्र अशा तलावात नको.

बपेरा परिसराचा विचार केला तर सिहोऱ्याजवळ चांदपूरचा जलाशय आहे, आसपास लहान तलाव आहेत. तिथल्या मच्छिमार सहकारी संस्थेने एखादा लहान तलाव फक्त नदीच्या बीजासाठी राखला, तर काम असे चालेल. बोटुकली ६०-७० मिलिमीटरची झाली की ती या तलावात हलवायची, विरळ ठेवायची. तळाला बांबू आणि झुडपांच्या फांद्या रोवायच्या. पहिला आठवडा नेहमीच्या निम्मे वरचे खाणे, पाण्याच्या आतून, वेगवेगळ्या वेळी. दुसऱ्या आठवड्यात पाव. तिसऱ्या आठवड्यापासून काहीच नाही. या काळात दर आठवड्याला वीस-पंचवीस पिल्ले पकडून वजन पाहायचे आणि दोन-चारांची आतडी उघडून आत काय आहे ते पाहायचे. शेवाळ, किड्यांचे पाय, पाणपिसवांची टरफले दिसली आणि वजन टिकले, तर पिल्लू स्वतःचे खाणे शोधू लागले. वजन घसरत असेल, तर तलावात जीव कमी आहेत किंवा गर्दी जास्त आहे, आणि सोडण्याची घाई करू नये. पिल्लू अगदी रोडही नको. अंगातली थोडी चरबी पहिल्या दिवसांची शिदोरी असते. पण गोळी खाद्यावर थुलथुलीत झालेले पिल्लू प्रवाहात लवकर दमते.

वाहतुकीआधी पिल्लांना दिवसभर उपाशी ठेवण्याची रीत आहे, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. ती मोडू नये, फक्त तिचा अर्थ लक्षात ठेवावा. पिल्लू नदीत उतरते तेव्हा त्याचे पोट पूर्ण रिकामे असते. दिवसाउजेडी, मुख्य प्रवाहात, एका जागी पाच हजार पिल्ले ओतली, तर भुकेली गर्दी आणि शिकारी यांची गाठ आपणच घालून देतो. पूर ओसरल्यावर, संध्याकाळी, काठाच्या संथ आणि गवताळ पाण्यात, पंधरा-वीस मिनिटे पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून, थोडी थोडी, अनेक ठिकाणी सोडावीत.

आणि मग मोजावे. सोडण्याआधी काही शेकडा पिल्लांच्या पोटाजवळच्या एका परावर बारीक छाट मारून खूण करता येते, त्याने मासा मरत नाही. ढेप-कोंड्यावर ठेवलेल्या पिल्लांचा एका बाजूचा, आणि तलावात तयार केलेल्या पिल्लांचा दुसऱ्या बाजूचा पर छाटायचा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच काठावर सोडायची. पुढच्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात नदीवर जाळे टाकणाऱ्या ढीवर बांधवांकडून कोणत्या बाजूचा पर छाटलेला मासा किती मिळाला, त्याची वही ठेवायची, आणि नोंदीमागे त्यांना ठरावीक मोबदला द्यायचा. छाटलेला पर पुन्हा थोडाफार वाढतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या नोंदीच धरायच्या. पुढच्या पावसाळ्यात कोणती पिल्ले, कशी वाढवून सोडायची, हे त्या वहीवरून ठरवता येईल.